देशाचा सातबारा कसा वाचावा: कर्ज, परके सावकार आणि तिजोरीची किल्ली

निफाडला किंवा दिंडोरीला जमीन घ्यायला गेलेला माणूस सातबारा हातात आला की आधी मालकाचं नाव वाचतो आणि लगेच 'इतर हक्क' या रकान्यावर येतो. सोसायटीचा बोजा आहे का, बँकेचा आहे का, किती आहे, कधीपासून आहे. क्षेत्र मोठं आणि माती काळीभोर असली तरी हा रकाना वाचल्याशिवाय कोणी इसार देत नाही. देशाच्या कर्जाचं मात्र आपण उलटं करतो. एकच मोठा आकडा वाचतो, घाबरतो किंवा खांदे उडवतो आणि पान उलटतो. त्या आकड्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. जपानच्या सरकारवर देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या दुपटीहून जास्त कर्ज आहे आणि देश उभा आहे. त्याहून कितीतरी कमी कर्जावर काही देशांनी स्वतःची विधानसभा गमावली आहे.

प्रजासत्ताकाला खरा धोका कर वसूल करायची आणि खर्च ठरवायची किल्ली निवडून दिलेल्या सभागृहाकडून सावकाराकडे सरकते तेव्हा असतो. हे सरकणं कागदावर दिसतं, आणि बरंच आधी दिसतं. ते कसं शोधायचं, एवढ्यापुरती ही कृती आहे. वाचनालयाच्या टेबलावर चार-पाच जणांनी बसून चार बैठकांत होईल असं काम आहे. एका बैठकीला दोन तास धरा.

काय लागेल

आडव्या पानांची एक वही, कॅल्क्युलेटर आणि चार कागद. पहिला, केंद्रीय अर्थसंकल्पातला 'अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात'. दुसरा, त्याच संचातलं प्राप्ती अंदाजपत्रक; त्यात सरकारच्या देण्यांचं विवरण असतं. तिसरा, परकीय कर्जाचं तिमाही निवेदन. मार्चअखेरचं रिझर्व्ह बँक जूनच्या शेवटी काढते. चौथा, दुसऱ्या कोणत्या देशाची वही करायची असेल तर जागतिक बँकेची दरवर्षी डिसेंबरात येणारी आंतरराष्ट्रीय कर्जाची आकडेवारी. सगळं फुकट मिळतं. अख्ख्या फायली छापू नका, लागतील तेवढीच पानं झेरॉक्स करा.

वहीच्या पहिल्या पानावर एककं लिहून ठेवा, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात. १ अब्ज म्हणजे १०० कोटी. १ लाख कोटी म्हणजे १,००० अब्ज, इंग्रजीतला ट्रिलियन. डॉलर ८५ रुपये धरला तर १ अब्ज डॉलर म्हणजे ८,५०० कोटी रुपये. प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहा आणि तो अंदाज आहे, सुधारित अंदाज आहे की प्रत्यक्ष, हेही लिहा. फेब्रुवारीत एकाच तक्त्यात हे तिन्ही शेजारी शेजारी असतात आणि घाईत भलत्याच रकान्यातला आकडा उचलला जातो.

खाली नमुन्यासाठी २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज घेतला आहे. तुमच्या हातात जो ताजा असेल तो घ्या, रीत तीच.

आधी तीन कर्जं वेगळी करा

केंद्र सरकारचं कर्ज, केंद्र आणि राज्यं मिळून सरकारी कर्ज, आणि देशाचं परकीय कर्ज या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते.

मार्च २०२५ अखेर भारताचं परकीय कर्ज ७३६.३ अब्ज डॉलर होतं, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १९.१ टक्के. या आकड्याला लोकसंख्येनं भागून 'प्रत्येक भारतीयावर परदेशाचं इतकं कर्ज' असा हिशेब सांगितला जातो. तो चूक आहे. या रकमेत सरकारचा वाटा एक चतुर्थांशाहून कमी आहे. उरलेलं खासगी कंपन्यांनी बाहेरून उचललेलं कर्ज, व्यापारातली उधारी आणि अनिवासी भारतीयांच्या आपल्या बँकांतल्या ठेवी. दुबईत नोकरी करणाऱ्या मुलानं इथल्या बँकेत ठेवलेली ठेव हीसुद्धा हिशेबात परकीय कर्जच असते.

राज्यांचं पान वेगळं करा. महाराष्ट्राचं कर्ज २०२५-२६ च्या अंदाजात सुमारे ९.३२ लाख कोटी रुपये होतं. संविधानाच्या अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्याला कर्ज भारताच्या हद्दीतच काढता येतं, आणि केंद्राचं जुनं कर्ज बाकी असेल तर नव्यासाठी केंद्राची संमती लागते. म्हणून परक्या सावकाराचा प्रश्न मुख्यतः केंद्राच्या पानावर येतो.

व्याज भागिले महसूल

वहीत एकच हिशेब करायला वेळ असेल तर हा करा. २०२५-२६ मध्ये केंद्राचं व्याज १२.७६ लाख कोटी. महसुली जमा, म्हणजे राज्यांचा वाटा दिल्यावर उरलेले कर आणि करेतर उत्पन्न, ३४.२० लाख कोटी. भागाकार येतो ३७.३ टक्के. सरकारच्या हाती आलेल्या शंभर रुपयांतले सदतीस, नवं काही करण्याआधीच व्याजात जातात.

आता इथे एक गोंधळ हमखास होतो. अर्थसंकल्पाच्या प्रसिद्ध वर्तुळात, 'रुपया जातो कुठे' या चित्रात, व्याजाला २० पैसेच दाखवलेले असतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. वर्तुळातल्या रुपयात कर्जाऊ आणलेले पैसे धरलेले असतात आणि राज्यांना जाणारा १४.२२ लाख कोटींचा करवाटाही असतो. एकूण खर्च ५०.६५, त्यात १४.२२ मिळवले की ६४.८७. १२.७६ ला ६४.८७ नं भागा, वीस पैसे मिळतील. उधारीचे पैसे उत्पन्नात धरून व्याजाचा बोजा मोजणं म्हणजे पीककर्जाची रक्कम कांद्याच्या पट्टीत मिळवण्यासारखं आहे. म्हणून भागाकार नेहमी महसुलानं करा.

किती टक्के म्हणजे धोका? काटेकोर सीमारेषा कोणी आखलेली नाही. आमचा ठोकताळा असा: २० पर्यंत निभावतं, ४० च्या आसपास प्रत्येक नव्या कामाला कात्री लागते, ६० ओलांडलं की देश स्वतःच्या मर्जीनं चालत नाही. श्रीलंकेत २०२० ते २०२२ या वर्षांत व्याजावर महसुलाचे ७० टक्क्यांहून जास्त जात होते. आपले ३७ टक्के ही निवांत बसायची जागा नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं.

या रकान्यापुढे आणखी एक नोंद करा. अनुच्छेद ११२ प्रमाणे कर्जाचं व्याज आणि परतफेड हा संचित निधीवरचा 'भारित' खर्च आहे. अनुच्छेद ११३ म्हणतो की त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. यात सावकाराला मिळणारं संरक्षण आहे आणि त्यामुळेच सरकारला स्वस्तात कर्ज मिळतं. तो दोष नाही. पण व्याजाचा हिस्सा जितका वाढेल तितका खासदारांच्या मतापलीकडचा पैसा वाढतो. भारित म्हणजे शब्दशः बोजा चढलेला. आपल्या सातबाऱ्यातला तोच शब्द.

कर्ज फुगतंय की ओसरतंय

राजकोषीय तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त झालेल्या खर्चासाठी काढायचं कर्ज, १५.६९ लाख कोटी. त्यातून व्याजाचे १२.७६ वजा करा, उरतात २.९३. ही प्राथमिक तूट, उत्पादनाच्या ०.८ टक्के. याचा सरळ अर्थ असा की त्या वर्षी आणलेल्या प्रत्येक शंभर रुपये कर्जातले एक्याऐंशी जुन्या कर्जाच्या व्याजाएवढे आहेत.

आता पुढच्या वर्षाचं प्रमाण काढायचं सूत्र. कर्जाचं उत्पादनाशी आजचं प्रमाण घ्या, त्याला १ + व्याजदरानं गुणा, १ + वाढीच्या दरानं भागा आणि प्राथमिक तूट मिळवा. वाढीचा दर महागाई धरून घ्यायचा. केंद्राचं कर्ज २०२४-२५ च्या सुधारित अंदाजात ५७.१ टक्के होतं. सरासरी व्याज सुमारे ७ टक्के, अर्थसंकल्पानं धरलेली वाढ १०.१ टक्के. ५७.१ × १.०७ ÷ १.१०१ = ५५.५. त्यात ०.८ मिळवले की ५६.३. अर्थसंकल्पात ५६.१ लिहिलं आहे. एका ओळीचं गणित सरकारी आकड्याच्या इतकं जवळ जातं, म्हणून ते शिकून घ्यावं.

मग वाढ ६ टक्के आणि व्याज ८ टक्के धरून पुन्हा करा. उत्तर ५९ च्या आसपास येतं. एक पैशाची नवी योजना न आणता कर्ज जवळजवळ दोन टक्क्यांनी चढलं. वाढ व्याजापेक्षा मोठी आहे तोवर कर्ज अंगावर येत नाही; ती खाली आली की गतवर्षी चालून गेलेली तूट यंदा चालत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर राजकोषीय उत्तरदायित्व कायद्यानं मार्च २०२५ पर्यंत केंद्राचं कर्ज ४० टक्क्यांवर आणायचं ठरवलं होतं. करोनाच्या वर्षांनंतर ते शक्य राहिलं नाही. नवं उद्दिष्ट मार्च २०३१ पर्यंत ५० टक्के, एक टक्का इकडे-तिकडे. वहीत दोन्ही लिहा, जुनं खोडू नका.

सावकार कोण आणि नाणं कोणाचं

नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात पोस्टाच्या बचतीची प्रमाणपत्रं छापली जात. २०१६ पासून छापील प्रमाणपत्राची जागा पासबुकानं घेतली, पण व्यवहार तोच आहे. त्र्यंबक नाक्याच्या मुख्य टपाल कार्यालयात राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र घेणारा माणूस सरकारचा सावकार होतो. भारत सरकारचं बहुतांश कर्ज असंच घरातलं आहे: बँका, आयुर्विमा, भविष्यनिर्वाह निधी, रिझर्व्ह बँक, अल्पबचत. २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सरकारी रोखे सामान्य माणसालाही थेट घेता येतात. परदेशी गुंतवणूकदारांकडे या रुपयातल्या रोख्यांचा हिस्सा अजून लहान आहे. २०२४ च्या जूनपासून आपले रोखे जे.पी. मॉर्गन या अमेरिकी बँकेच्या, परदेशी गुंतवणूकदार ज्याच्या आधारे रोखे घेतात त्या, निर्देशांकात यायला लागले, तेव्हा हा रकाना आता दर तिमाहीला पाहावा लागेल. रुपयातलं कर्ज परक्याच्या हातात असलं तर तो रोखे विकून निघून जाऊ शकतो आणि व्याज आणि विनिमयदर दोन्ही हलवू शकतो. मात्र आपल्याकडे नसलेलं चलन मागू शकत नाही. डॉलरच्या कर्जात तो ते मागतो.

म्हणून दोन वेगळे रकाने करा, एक सावकाराचा आणि एक नाण्याचा. आपल्या परकीय कर्जात मार्च २०२५ ला डॉलरचा हिस्सा ५४.२ टक्के आणि रुपयाचा ३१.१ टक्के होता. येन ६.२.

परकीय चलनातल्या कर्जाचा खरा दर कसा काढायचा, ते मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या जपानी कर्जावरून शिका. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं मुद्दल नाही. 'जवळजवळ फुकट' म्हणून मोकळं होऊ नका आणि 'जपाननं फसवलं' असंही म्हणू नका. रुपया येनपुढे दरवर्षी २ टक्क्यांनी घसरला तर ५० वर्षांनी शेवटी परत करायचं मुद्दल रुपयांत मूळच्या २.७ पट होईल. तरीही ७ टक्क्यांच्या देशी रोख्यापेक्षा ते स्वस्त पडेल. घसरण दरसाल सरासरी ७ टक्क्यांजवळ गेली तरच दोन्ही सारखी. मात्र ट्रेनचं तिकीट रुपयात विकलं जाणार आणि हप्ता येनमध्ये जाणार, ही विसंगती पन्नास वर्षं सोबत राहते.

परकं चलन येतं ते निर्यातीतून, परदेशातल्या आपल्या माणसांनी पाठवलेल्या पैशांतून आणि गुंतवणुकीतून. लासलगाव-पिंपळगावचा कांदा, नाशिकची द्राक्षं या खात्यावर जमा होतात. निर्यात बंद केली की गिऱ्हाईक तुटतं तसा हा डॉलरचा झराही आटतो. १९९१ साली तो साऱ्या देशाला आटलेला दिसला. परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे महिन्यात २० टन सोनं बाहेर विकावं लागलं, परत घेण्याच्या अटीवर, आणि जुलैत ४६.९१ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर आणले. रुपयातलं कर्ज त्या वेळीही मोठं होतं, पण सोनं हललं ते डॉलरपायी.

घरचा सावकार निरुपद्रवी असतो असा मात्र समज करून घेऊ नका. अठराव्या शतकातलं डच प्रजासत्ताक स्वतःच्याच श्रीमंत नागरिकांचं देणेकरी होतं. हॉलंड प्रांताचा बहुतांश महसूल व्याजात जाई. रोखे ज्यांच्याकडे होते तीच घराणी नगरसभेत बसत, त्यामुळे व्याज कमी करायचा किंवा श्रीमंतांवर कर बसवायचा ठराव कोण आणणार? आरमारावर खर्च करायला पैसा उरला नाही. १७९५ मध्ये फ्रेंच फौजा आल्या आणि प्रजासत्ताक संपलं. १८१० मध्ये नेपोलियननं व्याज एक तृतीयांशावर आणलं. स्वतःच्या सभागृहानं वेळेवर न घेतलेला निर्णय परक्यानं घेतला.

मुदत, म्हणजे नवं-जुनं

मार्चअखेर सोसायटीत 'नवं-जुनं' करतात. जुनं खातं भरल्याचं दाखवून नवं उचललं जातं आणि घरातून फक्त व्याज जातं. सरकारंही हेच करतात. २०२५-२६ मध्ये केंद्राची बाजारातली एकूण उचल १४.८२ लाख कोटी ठरली आणि निव्वळ ११.५४. फरक ३.२८ लाख कोटी, तो जुन्या रोख्यांच्या परतफेडीचा. नवं-जुनं करणं ही अडचण नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा एका वर्षात खूप काही एकदम नवं-जुनं करायचं असतं आणि समोरचा नाही म्हणतो.

इथे आकडा उचलताना सावध राहा. निवेदनात अल्पमुदतीच्या कर्जाची दोन प्रमाणं असतात. मूळ करार वर्षभराच्या आतला असलेलं कर्ज मार्च २०२५ ला परकीय कर्जाच्या १८.३ टक्के होतं. पण दहा वर्षांपूर्वी काढलेलं आणि पुढच्या बारा महिन्यांत फेडायचं असलेलंही धरलं, तर तेच प्रमाण ४१.२ टक्के. वहीत दुसरं लिहा. आणि त्याच्याशेजारी गंगाजळी. ती त्या रकमेच्या दुपटीहून जास्त होती, म्हणून आज झोप उडायचं कारण नाही.

श्रीलंकेत नेमकं इथेच मोडलं. २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, महसूल पडला. करोनानं पर्यटन बंद झालं. २०२० मध्ये पतमानांकन घसरल्यावर बाजारातून नवे डॉलर रोखे काढायची वाट बंद झाली. जुने मात्र मुदत आली की फेडायचेच होते. २०१९ अखेर ७.६ अब्ज डॉलरची गंगाजळी होती. त्यातूनच हप्ते जात राहिले. जानेवारी २०२२ मध्येही ५० कोटी डॉलरचा रोखा फेडला. १२ एप्रिल २०२२ ला परकीय कर्जाची परतफेड थांबवल्याचं जाहीर झालं. तोवर इंधनाच्या रांगा लागल्या होत्या. जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. पुढच्या वर्षी देशांतर्गत कर्जाची पुनर्रचना झाली, तिचा भार कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीवर आला.

श्रीलंकेचं पान लिहिताना हंबनटोटाची गोष्ट नीट लिहा. 'कर्ज बुडालं म्हणून चीननं बंदर घेतलं' असं सांगतात. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं गेलं, त्याचे १.१२ अब्ज डॉलर आले, आणि बंदराचं कर्ज तसंच राहिलं. भाडेपट्टा ही चिंतेची बाब आहेच. पण देश बसला तो प्रामुख्यानं बाजारातल्या डॉलर रोख्यांच्या मुदतींनी आणि आटलेल्या महसुलानं. चुकीचा सावकार पकडला की पुढचा धोका दिसत नाही.

बोजा आणि फेरफार

हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. यात दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची. कर्जासाठी कोणतं ठरावीक उत्पन्न बांधून दिलं आहे? आणि ते वसूल कोण करतं? पहिल्याचं उत्तर 'काही नाही' असेल तर पान स्वच्छ. दुसऱ्याचं उत्तर 'सावकार' असेल तर फेरफार झालेला आहे, सातबाऱ्यावर नाव जुनंच असलं तरी.

इटलीतल्या जिनोव्हाच्या प्रजासत्ताकात १४०७ मध्ये राज्याच्या सावकारांनी मिळून कासा दी सान जॉर्जो नावाची पेढी उभी केली. कर्जाच्या बदल्यात करवसुली तिच्याकडे गेली. १४५३ मध्ये कोर्सिका बेटाचा कारभारसुद्धा पेढीकडे दिला. प्रजासत्ताक नावाला होतंच. वसुली पेढीची.

हैतीचं पान सविस्तर लिहा, कारण तिथे प्रत्येक पायरी उघडी दिसते. गुलामांनी फ्रान्सशी लढून स्वतंत्र केलेला हा कॅरिबियन देश. १८२५ मध्ये फ्रान्सनं १४ युद्धनौका बंदरासमोर आणून, मान्यता हवी तर जुन्या मळेमालकांची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक द्या, असं बजावलं. पाच हप्ते, तीन-तीन कोटींचे. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसमध्येच कर्ज काढावं लागलं: लिहिले तीन कोटी, हातात आले दोन कोटी चाळीस लाख. आधीच कापून घ्यायची ही रीत आपल्याकडच्या खासगी सावकारीत ओळखीची आहे. असं कर्ज दिसलं की खरा दर काढा. कागदावर ६ टक्के असतील तर ३०० वर १८ रुपये व्याज. पण मिळाले २४०, म्हणजे दर ७.५ टक्के, आणि परत करायचे पुन्हा ३००.

१८३८ मध्ये भरपाई घटवून एकूण ९ कोटींवर आणली. देणं संपलं नाही. नंतरची कर्जं, परक्यांच्या ताब्यातली राष्ट्रीय बँक. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी त्या बँकेतून ५ लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं. १९१५ मध्ये फौज उतरली आणि सीमाशुल्काची वसुली ताब्यात गेली. १९१७ मध्ये विधिमंडळ बरखास्त झालं. फौज १९३४ पर्यंत राहिली, तिजोरीवरचं नियंत्रण १९४७ पर्यंत. हा क्रम वहीत तारखांसह उभा लिहा: आधी हप्ता, मग बँक, मग जकात, मग सभागृह. इतर देशांच्या पानावर यातली कोणती पायरी आली आहे, ते ताडता येतं.

सभागृहानं स्वतःहून किल्ली दिल्याचंही उदाहरण आहे. न्यूफाउंडलंड हा ब्रिटिश साम्राज्यातला स्वशासित प्रदेश. १९३३ पर्यंत व्याज महसुलाच्या साठ टक्क्यांवर गेलं होतं. तिथल्या विधिमंडळानं स्वतःचाच अधिकार स्थगित करायचा ठराव केला आणि १९३४ पासून लंडननं नेमलेलं मंडळ कारभार पाहू लागलं. निवडून आलेली विधानसभा परत आली ती १९४९ मध्ये, कॅनडाचा प्रांत होऊन.

आणि मराठी माणसाला दूर जायचीही गरज नाही. १८५३ मध्ये निजामानं कंटिंजंट फौजेच्या (त्याच्या खर्चानं ठेवलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या) थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. सार्वभौमत्व कागदावर निजामाचं, वसूल इंग्रजांचा. १९०२ मध्ये तेच वर्षाला २५ लाखांच्या कायम भाडेपट्ट्यात बदललं. अकोला-अमरावतीच्या सातबाऱ्यावर इंग्रजांचं नाव इतर हक्कातून मुख्य रकान्याकडे कसं सरकलं, त्याचा हा फेरफार आहे.

अमेरिकेबद्दल हमखास विचारलं जातं. तिचं कर्ज तिच्याच डॉलरमध्ये आहे, परदेशी सावकारांकडे सुमारे एक चतुर्थांश, आणि त्यांत सगळ्यात मोठा जपान. 'चीन उद्या कर्ज परत मागेल' हे घडत नाही. रोखा मुदतीआधी परत मागता येत नाही, विकता येतो. बोजाचा रकाना तिथे रिकामा आहे. पहिल्या रकान्यात मात्र बघा: २०२४ च्या वित्तीय वर्षात निव्वळ व्याज ८८२ अब्ज डॉलर झालं आणि संरक्षणखर्चाच्या पुढे गेलं.

जे कर्ज म्हणून लिहिलेलं नसतं

जामीनकी शोधा. सरकारनं महामंडळांच्या कर्जाला दिलेली हमी कर्जाच्या बेरजेत येत नाही, पण महामंडळ बसलं की येते. केंद्राला एका वर्षात उत्पादनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त नवी हमी देता येत नाही, असा कायदा आहे. विवरणात प्रत्यक्ष आकडा ताडून पाहा. दुसरं, संस्थेच्या नावावर घेतलेलं पण फेडायचं सरकारनं असं कर्ज. अन्न महामंडळाला अनुदान देण्याऐवजी अल्पबचत निधीतून कर्ज दिलं जायचं. २०२१ च्या अर्थसंकल्पात ते उघड हिशेबात आणलं. २०२०-२१ ची तूट एकदम फुगलेली दिसते त्यात याचाही भाग आहे. दोन वर्षांची तुलना करताना अशी जागा लाल शाईनं खुणवा.

तिसरं, विनिमयदराचा खेळ. डॉलर चढला की येन आणि रुपयातलं कर्ज डॉलरमध्ये लहान दिसतं. २०२४-२५ मध्ये आपलं परकीय कर्ज ६७.५ अब्ज डॉलरनं वाढलं. हा परिणाम वगळला तर वाढ ७२.९ अब्ज होती. निवेदनात ही ओळ दिलेली असते, वाचायची राहून जाते.

नाशिकमध्ये सराव

देशाच्या वहीआधी महापालिकेचं अंदाजपत्रक घ्या. पुस्तक लहान, नावं ओळखीची. महसुली उत्पन्न किती, कर्जाचा हप्ता आणि व्याज किती, ठेकेदारांची देणी कुठे लिहिली आहेत. १९९९ मध्ये नाशिक महापालिकेनं १०० कोटींचे रोखे काढले होते, म्हणजे रोख्यानं पैसा उभा करणं या शहराला नवं नाही. सिंहस्थाच्या वर्षांत कामं वाढतात, तेव्हा कोणतं काम अनुदानातून, कोणतं कर्जातून आणि त्या कर्जाला घरपट्टी बांधून दिली आहे की पाणीपट्टी, एवढं तीन रकान्यांत मांडा. बोजाचा रकाना भरायची सवय इथेच लागते.

मग वेळापत्रक भिंतीवर लावा. १ फेब्रुवारी केंद्राचा अर्थसंकल्प, मार्चमध्ये राज्याचा. जूनअखेर मार्चचं परकीय कर्ज, त्यानंतर दर तीन महिन्यांनी पुढची तिमाही. डिसेंबरात जागतिक बँक. अंदाजाचे आकडे शिसपेन्सिलीनं लिहा. २०२५-२६ चे प्रत्यक्ष आकडे २०२७ च्या फेब्रुवारीतल्या कागदांत येतील, ते त्याच चौकटीत शाईनं चढवा आणि पेन्सिलीचा आकडा न खोडता शेजारी राहू द्या.